शिंगाळ्याची जेवणवेळ

आमच्या घरमालकांना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांचं कौतुक करताना मी कुठे अडखळले तर का अडखळले ते कळेल. गावात विचाराल तर लोक म्हणतील, माणूस जरा चक्रम, पण मनानं लोणी. एका मुक्या माशासाठी म्हातारपण वाहिलं बिचाऱ्यानं. वाहिलं, खोटं नाही. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. त्याच दिवसांत खाली स्वयंपाकघरात काय चाललं होतं, ते मला जिन्यातून दिसायचं.

थळच्या पलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेत माझी बदली झाली तेव्हाची ही ओळख. सगळं गाव त्यांना काका म्हणायचं, म्हणून मीही काका म्हणू लागले. जन्मभर कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेले, उंच, पाठीत वाकलेले, कानात कायम कापसाचा बोळा. यंत्रांच्या आवाजानं कान गेले असं त्यांचं म्हणणं. बायकोनं स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यांना ओसरीवर ऐकू येत नसे. पण तो मासा, त्यांचा शिंगाळा, खाऊ लागला की होणारी कुटकुट जाड काचेतून स्पष्ट ऐकू येते, असं ते शपथेवर सांगत.

हा शिंगाळा गावच्या समाजमंदिरात राहायचा. एका पुढाऱ्यानं आपल्या वाढदिवसाला गावाला मोठी काचेची टाकी भेट दिली होती. नारळ फुटला, फोटो निघाले, पुढारी गेला तो गेलाच. ज्या गावात मासा दिसला की तळायचा की कालवण करायचं एवढाच प्रश्न पडतो, त्या गावाला मासे नुसते बघायला दिले होते. एक म्हातारी कोळीण कमरेवर हात ठेवून बराच वेळ टाकीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "यातला येक पन कालवनाच्या कामाचा नाय." टाकीत भगवे होते, पट्ट्यांचे होते, पंख्यासारखे चपटे होते. आणि तळाशी, पाण्याच्या नळीमागे अंग चोरून, मिशा असलेला एक राखाडी कॅटफिश होता. मिशा बघून पोरांनी त्याला खाडीतल्या तशाच माशाच्या नावानं शिंगाळा म्हणायला सुरुवात केली. खाणं टाकलं की वरचे सगळे तुटून पडत. तळापर्यंत दाणाही पोचत नसे आणि हा काही पुढे येत नसे.

ते काकांच्या लक्षात आलं. गावात दुसऱ्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, त्यांनी स्वतःच स्वतःला नेमलं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एक वाक्य आलं ते कायमचं: "जो पुढं येतो त्याचाच पोट भरतो. ह्यो अन्याव हाय." बोट वर करून ते हे कोणालाही सुनवायचे. दूधवाल्याला, सरपंचाला, माझ्या वर्गातल्या पोरांना. रेशनच्या दुकानात एकदा रांगेच्या शेवटी एक विधवा बाई गप्प उभी होती, लोक तिच्यापुढे घुसत होते. काकांनी तिला हाताला धरून पार पुढे नेऊन उभं केलं आणि हेच वाक्य दुकानदाराला ऐकवलं. तेव्हा मीही मनात म्हटलं होतं, असा माणूस शोधून सापडायचा नाही.

शिंगाळ्याला जेवू घालायचा त्यांचा एक विधी होता. संध्याकाळी पाच वाजता ते निघत. चपला समाजमंदिराच्या बाहेरच काढत, कारण जमिनीला पाय आपटले की तो बुजतो. मग पंखे बंद, दिवे बंद, खिडक्या लोटलेल्या, कॅरम खेळणारी पोरं बाहेर. टाकीवर काळं कापड टाकायचं, म्हणजे वरच्या माशांना रात्र झाली असं वाटतं आणि ते स्वस्थ होतात. मग एक लांब नळी सोडून तिच्यातून बुडणारे दाणे थेट शिंगाळ्याच्या दाराशी. दार म्हणजे मडक्याचं एक खापर, तेही काकांनीच ठेवलेलं. एवढं झालं की पालथ्या बादलीवर बसून ते काचेला कान लावत. कोणी खोकायचं नाही. कुटकुट ऐकू आली की हात वर करायचे आणि चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटावं.

ते काळं कापड म्हणजे काकूंची चंद्रकळा होती. पहिल्या संक्रांतीला आईनं दिलेली. काकांनी ट्रंकेतून काढली, विचारलंही नाही. मी काकूंना म्हटलं, अहो, आईची आठवण ना ती? त्या हसल्या. "असूं दे. मी कवा नेसनार हाय आता? त्याला तरी उपेगी."

बचत गटाच्या बायकांच्या कितीतरी सभा या विधीपायी अंधारात झाल्या. पण खरी गंमत झाली ती एका हळदीला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी. समाजमंदिराच्या दारात डीजे, नवरदेव पिवळाजर्द, बायका नाचून घामाघूम. पाच वाजले तसे काका आले, चपला काढल्या आणि सरळ मेन स्विच खाली ओढला. भरल्या नाचात सामसूम झाली. नवऱ्याच्या मामानं त्यांची कॉलर धरली. "म्हाताऱ्या, डोका फिरलाय काय तुजा?"

काका शांतपणे म्हणाले, "धा मिनटां. त्याचा जेवन हाय."

"कोनाचा?"

"शिंगाल्याचा."

मामाचा हात सुटला तो हसू आल्यामुळे. आणि खरोखर, ती अख्खी हळद त्या दिवशी एका बोटभर माशाचं जेवण होईस्तोवर थांबली. नवरदेव हळद अंगावर वाळवत पायरीवर बसून राहिला. काकांनी हलकेच हसत हात वर केला तेव्हा वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट गावात आजही सांगतात. मीही पूर्वी हसत हसत सांगायचे.

आता घरातलं सांगते.

काका जेवायला बसले की काकूंनी उभं राहायचं. गरम भाकरी तव्यावरून ताटात. मिठाला एक मिनिट उशीर झाला तर काका ताटावर बोटं वाजवत. माशासाठी रोज श्वास रोखून बसणारा हाच माणूस. सुरमई असली तर मधल्या तुकड्या त्यांना, एखादी मला वर पाठवायची, आणि काकूंना शेपटीकडचं काय असेल ते, नाहीतर नुसतं कालवण. हे कोणी ठरवलं नव्हतं, मागल्या पिढीपासून तसंच चालत आलेलं. मग सगळं आवरल्यावर काकू ताट घेऊन ओट्यापाशी जायच्या, दाराकडे पाठ करायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्याउभ्याच जेवायच्या. मी जिन्यातून उतरले की त्यांचा हात ताटातल्या ताटात थांबायचा. "या की मॅडम," म्हणत त्या ताट पदराआड करायच्या.

दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की त्यांचं जेवण आणखी लांबत चाललं आहे. घास तोंडात घोळायचा, मग पाणी, मग पुन्हा घास. पुढे भाकरी गेली, नुसती पेज आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घशात कायतरी अडकल्यासारखा वाटते. पित्त असंल." मी अलिबागच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि वेळ न घालवता मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी काकांना गाठलं. समाजमंदिरात, कारण घरी ते सापडायचे नाहीत. बादलीवर बसले होते. मी सांगितलं, काकू जेवत नाहीयेत, त्यांना गिळता येत नाही, मुंबईला न्यायला हवं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. कुटकुट होऊन गेली, हात वर झाला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ती पयल्यापासनं कमीच जेवते."

"काका, कमी आणि काहीच नाही, यात फरक आहे."

"तुमी नका घाबरू मॅडम. बायकांचा असाच असते."

मी एकदा सांगून थांबले असं कोणाला वाटू नये. मी रोज सांगत होते. जिन्यात, ओसरीवर, अंगणात. शेवटी हॉस्पिटलची तारीख मीच काढली. जायच्या आदल्या दिवशी काकांनी डोकं खाजवत सांगितलं की त्यांना जमणार नाही. झालं होतं असं, की शिंगाळा नुकताच खापराबाहेर येऊन नळीच्या तोंडातून दाणा घेऊ लागला होता. आता एक दिवस जरी खंड पडला तर तो पुन्हा आत जाईल, सगळी मेहनत पाण्यात. "तुमी हायत ना बरोबर. तुमी शिकलेल्या. मी तिथं येऊन काय करनार?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या पिशवीत टॉवेल घडी करून ठेवत होत्या. "राहूं दे त्यांना," म्हणाल्या. "पान्यातल्या जीवाचा कोन हाय दुसरा?"

रेवसला लवकर पोचलो. धक्क्यावर मुंबईची बोट लागायला वेळ होता. मी चहा घेतला आणि टपरीवरची नानकटाई घेतली. काकूंनी ती चहात बुडवली, अगदी विरघळेपर्यंत धरून ठेवली आणि चमच्यानं हळूहळू खाल्ली. बाकावर बसून, खाडीकडे तोंड करून. त्यांना बसून खाताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. चहा संपवून त्याच बोलल्या.

"नानकटाई मना लय आवडते. लहानपनी रेवदंड्याला बाबा आनायचा." मग म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवा सासू समोर बसायची. माझ्या ताटावर नजर. किती घेतला, किती उरवला. तवापासनं कोन बगत असला की घास खालीच उतरत नाय."

"काकांना माहीत आहे हे?"

"त्यांना कसा ठाव असंल? माझ्याकडं बगितला तर कललं ना." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. तेवढ्यात बोट लागली, आणि आम्ही मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरलो.

अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलत होते. गिळायला कधीपासून त्रास होतोय असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, गणपतीच्या आधीपासून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांना वाटलं मी मुलगी आहे. काकूंना मूलबाळ नव्हतं, हे मी त्यांना सांगत बसले नाही. आधी आल्या असत्या तर बरंच करता आलं असतं, आता जे होईल ते करू, असं ते म्हणाले.

शेवटच्या बोटीनं परतलो. काका दारातच उभे होते. वाट बघत होते, हे मी नाकारणार नाही. आम्हाला बघून पुढे आले, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "आज तो पुरा भायेर आला! माझ्या समोर बसून जेवला!"

मग विचारलं, "काय बोलला डाक्टर?"

मला त्या क्षणी त्यांच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. नुसतं म्हणायला म्हणून सांगत नाही, खरोखर हात शिवशिवला. काकू मात्र "असा? जेवला का?" असं म्हणून आत गेल्या आणि चुलीवर भात ठेवला.

पुढचं लांबवून सांगण्यात अर्थ नाही. उपचार झाले तेवढे झाले, त्या खेपाही काकूंची रेवदंड्याची बहीण आणि मी आलटून पालटून केल्या. नंतर नाकातून नळी आली. नळीतून पेज घालायची वेळ झाली की काका उठून समाजमंदिरात जायचे. लोक म्हणत, त्यांना बघवत नाही हो, दुःख आतल्या आत गिळतात. असेल. गिळायला येत होतं तर गिळावं त्यांनी. एकदा नळी धरताना माझ्या मनात आलं की या कामात अख्ख्या तालुक्यात ज्याचा हात बसलेला आहे तो माणूस आत्ता दुसऱ्याच नळीला धरून बसला आहे. होळीच्या थोडं आधी काकू गेल्या. वजन असं राहिलंच नव्हतं.

दहावा खाडीकाठी केला. पिंड मांडले, भटजींनी सांगितल्याप्रमाणे काकांनी पाणी सोडलं. बहिणीनं त्यांना विचारलं, "भाऊजी, तिच्या आवडीचा काय ठेवायचा?" काकांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "सगलाच खायची ती," म्हणाले. मी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि पानावर दोन नानकटाया ठेवल्या. बहीण पदरात तोंड घालून रडायला लागली.

सगळे पिंडाभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहिले आणि कावळ्याची वाट बघू लागले. समोरच्या सुरूच्या झाडावर चार-पाच कावळे होते, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं, पाय भाजू लागले तशा सगळ्यांनी काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. आता बोलणी सुरू झाली, जशी होतात तशी. बहीण म्हणाली, "बाय, काय राहिला असंल तर मी बगीन, तू सुखानं जा." शेजारीण म्हणाली, तुझ्या तुळशीला पाणी घालीन. कोणीतरी म्हणालं, नवऱ्यात जीव अडकला असेल, काका, तुम्ही काहीतरी कबूल करा. मी मनात म्हटलं, काकू, तुमच्या आवडीची नानकटाई आणली आहे, निदान तेवढी तरी घ्या. कावळा जागचा हलला नाही. भटजींनी घड्याळात पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा काका पुढे झाले. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग दोन्ही हात पसरून सगळ्यांना मागे रेटत म्हणाले, "मागं व्हा. सगली मागं व्हा. अशी गोल करून काय उभी राहिल्याव? पाठी करा तिच्याकडं, पाठी करा. कोनी बगूं नका." कोणाला काही समजेना. एरवी हळू बोलणारा हा माणूस ओरडला, "कोन बगत असला तर ती जेवत नाय! पयल्यापासनं जेवत नाय!"

आम्ही सगळे सुरूच्या मागे गेलो आणि पाठ करून उभे राहिलो. काकाही पाठ करून उभे राहिले, थोडे वाकून, मान कलती करून, कापूस काढलेला कान पिंडाच्या बाजूला. कोणी खोकलं नाही. खाडीचं पाणी तेवढं वाजत होतं. मग पंखांची फडफड झाली, आणि काकांनी हात वर केला.

वळून पाहिलं तर कावळा पिंडावर होता. खात होता, घाई न करता. लोकांनी हात जोडले. बहिणीनं काकांचे पाय धरले. "भाऊजी, तुमीच वलखलात तिला," म्हणाली. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, बघा, याला संसार म्हणतात, मनातलं न सांगता कळतं.

काका माझ्याकडे बघून हलकेच हसले, हळदीच्या दिवशी हसले होते तसेच. "काय नाय मॅडम," म्हणाले, "जरा बाजूला व्हावा लागते, बस."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. काकू मरेपर्यंत समजत राहिल्या की यांनी आपल्याकडे कधी बघितलंच नाही. यांनी बघितलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून का जेवते, हे यांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं, आणि एवढ्या वर्षांत तिला ताट वाढून देऊन हा माणूस एकदाही ओसरीवर जाऊन बसला नाही. ठाऊक नसतं तर मी माफ केलं असतं. अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

मी त्याच महिन्यात दुसरीकडे खोली बघितली. सामान हलवलं त्या दिवशी बहीण आली होती, काकूंची आठवण म्हणून एखादं लुगडं न्यायला. ट्रंक उघडून ती चंद्रकळा शोधत होती. पाच वाजायला आले होते. काका ओसरीवरून खाली उतरले, चंद्रकळेची घडी त्यांच्या काखेत होती. बहिणीनं मागून दोनदा हाक मारली, पण त्यांना ऐकू आली नाही.